आईची हरकत

उन्हाळा लागला की लालबागेत तो आधी नाकाला कळतो, कॅलेंडरला मागाहून. गल्लीतल्या मसाला कुटणाऱ्या डंकांचा धपधप आवाज सकाळपासून सुरू व्हायचा, भाजलेल्या मिरच्यांचा ठसका जिने चढून वर यायचा आणि आमच्या चाळीतली माणसं शिंकत शिंकत एकमेकांची विचारपूस करायची. आमच्या घरात तर तो ठसका बारा महिने मुक्कामाला असायचा, कारण आमचं घर हीच आईची खानावळ होती. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत आई, तिचे दोन स्टोव्ह आणि भाकऱ्या थापायला येणारी हौसा. बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलेली जेवणारी माणसं. पूर्वी ही सगळी गिरणीतली असत. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या जागी वॉचमन आले, कुरिअरवाले आले, छापखान्यातली पोरं आली, चाळीतले एकटे राहणारे तेवढे जुने उरले. आईला त्याचं काही नव्हतं. बांगड्याचं तिखलं कोणाच्याही जिभेला सारखंच झोंबतं, असं ती म्हणायची. मला अभ्यासाला जागा म्हणजे दारातला उंबरठा. आजही मला शांत खोलीत धड वाचता येत नाही, कुठेतरी भाकरी थापल्याचा आवाज असावा लागतो.

चाळीच्या मागे, गिरणीच्या भिंतीपर्यंत, मोकळी जागा होती. तिला आम्ही मागचं पटांगण म्हणायचो, जणू पुढेही एखादं होतं. तिथे क्रिकेट चाले, लग्नाचे मांडव पडत आणि चैत्र-वैशाखात आई तिथे जुन्या साड्या अंथरून वर्षभराच्या मिरच्या वाळत घाली. कावळ्यांना हाकलायचं काम माझं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, मला त्या कामाची लाज वाटे, म्हणून मी हातात पुस्तक धरून कावळे हाकलायची. अशाच एका दुपारी दोन माणसं आली, त्यांनी जमीन मोजली, आमच्या मिरच्यांना वळसा घालून चुन्याची रेघ ओढली आणि जाताना गेटवर एक नोटीस चिकटवली. आसपासच्या सगळ्या भागातला कचरा छोट्या गाड्यांतून इथे आणायचा, मोठ्या ट्रकांत भरायचा आणि शहराबाहेर न्यायचा, अशी ती योजना होती. नोटिशीत तिला लांबलचक सरकारी नाव होतं. चाळीने संध्याकाळपर्यंत तिचं बारसं करून टाकलं: कचऱ्याचा डेपो.

चुन्याची रेघ आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून इतकी जवळ होती की आईने खिडकीतून पाणी फेकलं असतं तर ते रेघेपलीकडे पडलं असतं. आई बराच वेळ त्या खिडकीत उभी होती. मग वळून मला म्हणाली, "विजू, माणूस उपाशी रवात गो, पण कचऱ्याच्या वासात बसान जेवूचा नाय." तेवढंच बोलली आणि कालवणाला फोडणी द्यायला लागली. गिरणी बंद झाल्यापासून आमचं घर त्या दोन स्टोव्हवर चाललं होतं. बाबांना कुठे नोकरी नव्हती. ते सकाळी वाचनालयात पेपर वाचत, संध्याकाळी चाळ कमिटीत बसत आणि मधल्या वेळेत आईला नारळ फोडून देत. खानावळ गेली असती तर आम्हाला गावी जाण्यावाचून वाट नव्हती, आणि गावी आमच्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे एक कातळ आणि त्यावरचं एक रातांब्याचं झाड.

कमिटीची बैठक जिन्याखाली भरली. अध्यक्ष सावंतकाका. बाबांचे गिरणीतले सोबती, आवाज असा की माईक लावला तर माईकचाच अपमान व्हावा. नोटिशीत लिहिलं होतं की अमुक दिवशी शाळेच्या हॉलमध्ये जनसुनावणी होईल, लोकांनी येऊन आपलं म्हणणं मांडावं. सावंतकाकांनी ते वाचून दाखवलं आणि नोटीस मुठीत चुरगाळली. "म्हणणं मांडावं! जागा ठरली, रेघ मारली, आणि आता आमाला चहा-बिस्कुट खायला बोलावतायत. आत गेलो की फोटो काढतील आणि सांगतील, बघा, लोकांना विचारलं. कोणी जायचं नाय. बहिष्कार! दारात साखळी करायची, एक माणूस आत जाता कामा नये." टाळ्या पडल्या. बाबांनी सगळ्यांत आधी हात वर केला. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून म्हटलं, "काका, पण खाली शेवटी लिहिलंय, सुनावणीत हरकत आली नाही तर लोकांची संमती आहे असं धरलं जाईल." काका हसले. "विजू, तू बुकं वाचतेस, आमी माणसं वाचतो." सगळी चाळ हसली. बाबाही हसले, आणि मला त्यांचा मनापासून राग आला.

आता चाळीच्या बाजूने दोन शब्द बोलले पाहिजेत. पुढे कामाच्या निमित्ताने मी अशा कितीतरी सुनावण्यांना बसले आहे, आणि सावंतकाका सगळंच चुकीचं बोलत होते असं मला आज म्हणवत नाही. जागा ठरवून झाल्यावर मत विचारायला येणारे मी पाहिले आहेत, चहा-बिस्किटंही खाल्ली आहेत. पण त्या दिवशी चाळ जे करत होती ते विचार करून करत नव्हती, सवयीने करत होती. गिरणगावाला लढाईची एकच रीत ठाऊक होती: बाहेर राहायचं. दाराबाहेर जो उभा राहील तो आपला, दाराच्या आत पाऊल टाकील तो फितूर. गिरणीच्या संपात ज्यांनी आत पाऊल टाकलं त्यांच्या घरच्या लग्नाला अर्ध्या चाळीने अक्षतासुद्धा टाकल्या नव्हत्या. ती रीत दगडावरची रेघ होती. गिरणीच्या गेटवर ती कामाची होती, कारण मजूर आत गेला नाही तर माग बंद पडतो. सुनावणीच्या हॉलमध्ये आपण गेलो नाही तर काहीच बंद पडत नाही, उलट साहेब लवकर घरी जातात. हा फरक मोठमोठ्या लढवय्यांच्या लक्षात आला नाही.

आईने बैठकीबद्दल काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर तिने हौसाकडे घर सोपवलं आणि मला म्हणाली, "चल, डेपो बघूक जावया." मासा घेताना कल्ला उघडून बघितल्याशिवाय ती कधी भाव विचारत नसे, तेव्हा हे तिच्या स्वभावाला धरूनच होतं. शहरात दुसरीकडे असाच एक डेपो चालू होता, तिथे आम्ही बसने गेलो. बस वळायच्या आधीच वास आला. ट्रकांची रांग रस्त्यावर उभी होती, इंजिनं चालूच होती आणि ट्रकांच्या मागून काळं पाणी ठिपकत होतं. डेपोसमोर एक बाई चहाची टपरी चालवत होती, बाजूला दोन गाळे बंद होते, एकावर अजून 'राईस प्लेट' अशी पाटी होती. आईने चहा घेतला. तो तिला जाईना, पण बाईला वाईट वाटू नये म्हणून तिने पूर्ण प्यायला. मग विचारलं, "ह्यो इलो तेव्हा तुमका कोणी इचारलां नाय?" टपरीवाली म्हणाली, "बोलावलं होतं एकदा. कामाचा दिवस होता. आमचे पुढारी बोलले जाऊ नका, मंग आम्ही पण नाय गेलो." परतीच्या बसमध्ये ती त्या 'राईस प्लेट'च्या पाटीबद्दल एकदाच बोलली. "अक्षर बरां होतां," म्हणाली.

घरी येऊन तिने बाबांना सांगितलं की ती सुनावणीला जाणार आहे. बाबा नारळ फोडत होते. कोयता तसाच हातात राहिला. "साखळीत मी पुढे उभा आहे," ते म्हणाले, "आणि माझी बायको आत जाणार? लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "लोक जेवूक येवचे नाय तेव्हा लोक काय म्हणतीत ता सांगा." त्यानंतर दोघांमध्ये हूं की चूं नाही. पुढचे काही दिवस आमच्या घरात माझ्यामार्फत कारभार चालला. 'तुझ्या वडलांना सांग, नारळ दोनच फोडा', 'तुझ्या आईला सांग, दोनच फोडलेत'. हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण माझी तेव्हा भूक मेली होती. मी दोघांच्या मधे उभी होते आणि दोघांचीही होते.

सुनावणीच्या दिवशी आईने पहाटे उठून सकाळचे डबे भरले, हौसाला दुपारचं सांगितलं आणि लग्नाकार्याला नेसायची जांभळी साडी काढली. शाळेच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा साखळी तयार होती. काळ्या फिती, घोषणा, सावंतकाकांचा आवाज. हातात हात घालून उभ्या असलेल्या रांगेच्या अगदी मधोमध बाबा. पांढरा शर्ट त्यांनी स्वतः इस्त्री केला होता, कॉलरला सुरकुती राहिली होती. आई त्यांच्यासमोर जाऊन थांबली तशा घोषणा बंद पडल्या. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी गिरणगावात कधी पाहिली नव्हती.

"वैनी, घरी जावा," सावंतकाका हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं.

आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बाबांना म्हणाली, "संपात तुमी बाहेर बसलात. किती दिवस, कित्याक, कोणासाठी, मी एक शब्द इचारूक नाय. जा रांधलंय ता तुमका आणि तुमच्या माणसांका वाढलंय. आज तुमी माका इचारू नका."

बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी हात सोडले नाहीत. आईने क्षणभर वाट पाहिली, मग पदर खोचला, वाकली आणि बाबांच्या आणि सावंतकाकांच्या हातांखालून आत गेली. मीही वाकले. वाकताना मला बाबांच्या छातीतला श्वास ऐकू आला, घरघर करणारा, गिरणीतल्या कापसाने भरलेला. मागून कोणीतरी ओरडलं, "फितूर!" माझ्या आईला. जिच्या हातचं ते परवापर्यंत जेवत होते. बाबा तो शब्द बोलले नाहीत, पण ज्याने उच्चारला त्याला त्यांनी अडवलंही नाही, आणि मला ते शब्दापेक्षा जास्त लागलं.

हॉलमध्ये खुर्च्याच खुर्च्या होत्या आणि माणसं मूठभर. टेबलापाशी महापालिकेचे साहेब, नकाशा घेऊन एक इंजिनीअर, आणि पुढच्या रांगेत गिरणीपलीकडच्या नव्या टॉवरमधले चार-पाच जण, त्यांच्यासाठी पंखा लावलेला. इंजिनीअरने नकाशा समजावला. सगळं रंगीत होतं, आमची चाळ तेवढी राखाडी. साहेबांनी विचारलं, कोणाचं काही म्हणणं? आई उठली. आदल्या रात्री तिने ते माझ्यासमोर नीट बोलून दाखवलं होतं, पण तिथे माईक हातात आल्यावर तिचं सगळं विसकटलं. आधी मिरच्यांचं सांगायला लागली, मग टपरीवालीचं, मग मधेच गप्प झाली. टॉवरमधलं कोणीतरी हसलं. मी उठणार तोच तिने मला हाताने खाली बसवलं आणि एवढंच म्हणाली, "माझी खानावळ आसा. थंय डेपो इलो तर ती बंद पडतली. माझी हरकत लिवून घ्या."

साहेब वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. त्याने लिहायला सांगितलं आणि मग खरंच विचारावं तसं विचारलं, "बाई, कचरा तर रोज होतो. तुमच्या खानावळीचाही होतो. इथे नको म्हणता, मग कुठे करू?"

तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले, स्वच्छ मराठीत म्हणाले, "साहेब, रेल्वेच्या बाजूला झोपडपट्टी आहे ना, तिथे करा. तिथे तशीही घाणच आहे. या बाईंचीही सोय होईल आणि आमचीही." साहेबांनी आईकडे पाहिलं. "बाई, चालेल का? तसं तुमचं म्हणणं म्हणून लिहून घेऊ?"

एक मान हलवायची होती. तेवढ्यावर खानावळ वाचत होती, घर वाचत होतं, बाबांसमोर मान ताठ होत होती. आई माईक धरून उभी राहिली, आणि मी तिच्या मानेकडे बघत राहिले. ती झोपडपट्टी म्हणजे आमच्या हौसाची वस्ती. आई शेवटी बोलली तेव्हा तिचा आवाज चिडका होता, जणू कोणी तिच्या भांड्यात हात घातला होता. "थंय माझी हौसा ऱ्हवता. तेंका इचारल्यात? नाय ना? मग तेंच्या दारात कचरो टाकूची सही माझ्याकडसून कित्याक घेतास? तेंका बोलवा. बाहेर उभे आसत तेंका बोलवा. रविवारी बोलवा, कामाच्या दिवशी नको. आणि हंय नको, जागेवर बोलवा. नाकान बघूंदेत सगळ्यांका." गृहस्थ काहीतरी बोलायला लागले. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि कारकुनाला म्हणाले, "हे सगळं लिहा. बाईंनी सांगितलं तसंच."

त्या रात्री चाळीतलं कोणी जेवायला आलं नाही. आईने नेहमीसारखी पानं मांडली, हौसाने भाकऱ्या थापल्या, आणि अर्ध्या रिकाम्या घरात वाढायची पळी पातेल्यावर आपटल्याचा तेवढा आवाज. बहिष्काराची हत्यारं आता आमच्यावर चालली होती. बाहेरचे वॉचमन आणि छापखान्यातली पोरं येत होती म्हणून स्टोव्ह पेटत राहिले. बाबांची तर मोठीच पंचाईत झाली. ते कमिटीचे माणूस, कमिटीने खानावळीवर बहिष्कार घातलेला, आणि खानावळ म्हणजे त्यांचंच घर. शिस्तीचा माणूस काय करणार? ते नाक्यावर जाऊन वडापाव खाऊन यायचे आणि दारात बसून पेपर वाचायचे. आई त्यांचं ताट झाकून ठेवायची आणि सकाळी हौसाला द्यायची. मला रडू यायचं आणि मी ते कांदा चिरायच्या वेळेसाठी राखून ठेवायची.

मग गेटवर दुसरी नोटीस लागली. हरकत नोंदली गेल्यामुळे सुनावणी पुन्हा होणार होती. रविवारी, मागच्या पटांगणातच, आणि रेल्वेलगतच्या वस्तीलाही निमंत्रण होतं. सावंतकाकांनी ती चुरगाळली नाही. वाचून तिचा सुटलेला कोपरा त्यांनी अंगठ्याने दाबून परत चिकटवला.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. तो मोठा डेपो आमच्याकडे आला नाही आणि हौसाच्या वस्तीतही गेला नाही. बऱ्याच भांडणांनंतर त्याचे छोटे, झाकलेले तुकडे झाले, निरनिराळ्या नाक्यांवर वाटले गेले, आणि एक आमच्या गल्लीच्या टोकाला आला. टॉवरच्या वाट्यालाही एक गेला, ते ऐकून आई दिवसभर हसत होती. खानावळ तिचे हात थकेपर्यंत चालली. आज त्या पटांगणावर दुसऱ्या टॉवरचं पार्किंग आहे. त्याबद्दल विचारायला मात्र कोणी आलं नव्हतं.

पण त्या रविवारी यातलं काहीच माहीत नव्हतं. उन्हात टेबल मांडलं होतं. हौसा आणि तिच्या वस्तीतल्या बाया पोरांना घेऊन आल्या होत्या आणि खुर्च्या असूनही जमिनीवर बसल्या होत्या, आई त्यांना उठवून खुर्च्यांवर बसवत होती. आमची चाळ वर गॅलरीत उभी होती. सगळे कठड्याला टेकून, नजरा खाली, कोणी उतरेना. पहिला उतरेल तो फितूर. साहेबांनी घड्याळ पाहिलं. हौसा उठून बोलली, थोडंच, पण न अडखळता. साहेबांनी विचारलं, "चाळीतलं कोणी?" आईचं आपलं बोलून झालं होतं.

जिन्यावर चपला वाजल्या. बाबा खाली आले, एकटेच. अंगात नेहमीचा लेंगा आणि बंडी, इस्त्रीचा शर्ट नाही. टेबलापाशी येऊन त्यांनी माईक बाजूला सारला, त्यांच्या पिढीला तो लागतच नसे.

"मागल्या वेळेस मी बाहेर उभा होतो," ते म्हणाले. "चूक केली असं मी म्हणणार नाही. बाहेर उभं राहूनच आम्ही आयुष्य काढलं. पण आज मी आत आलोय. माझी हरकत लिहा. माझ्या दारात नको आणि ह्या बायांच्या दारातही नको." मग त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं. "आणि वरच्यांनो, बोलायचं असेल तर खाली या. कठड्यावरनं बोललेलं लिहून घेत नाहीत."

वर कोणी हललं नाही. मग एक दार आपटल्याचा आवाज आला, आणि जिन्यावर सावंतकाकांचा खोकला. त्यांच्यामागे आणखी पावलं. मी मोजत नव्हते, मला समोरचं धड दिसतही नव्हतं.

बाबा येऊन आईशेजारच्या खुर्चीवर बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. सावंतकाका बोलायला उभे राहिले, म्हणजे आता बराच वेळ लागणार हे सगळ्यांना कळलं. बाबा थोडे आईकडे झुकले. मी मागेच उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"भूक लागल्या गो," ते म्हणाले.

आईने पदर सारखा केला, समोर बघत. "आधी सभा संपूदे."